धारदार शस्त्र : आढळले नाही

आमच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेणाऱ्याच्या समोर एक यादी चिकटवलेली असते. शस्त्र असेल तर एक नंबर. आग दोन, अपघात तीन, हाणामारी चार. अशी ती यादी चौदापर्यंत जाते आणि चौदा नंबर म्हणजे 'इतर'. हरवलेलं कुत्रं, शेजाऱ्यांचा मोठा आवाज, रस्त्यातलं उघडं झाकण आणि डोक्याचा आजार हे सगळं चौदात बसतं. एक नंबरला गाडी आठ मिनिटांत पोचते. चौदालाही पोचते, एवढंच म्हणता येईल.

मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. तेवीस वर्षं हवालदारकी केल्यावर तक्रार लिहून घ्यायचाच इतका कंटाळा येतो, की स्वतःची करायची इच्छा राहत नाही. पण ताईंना मी जो सल्ला दिला तो का दिला, हे कळायला यादी माहीत असायला हवी.

ताईंचा पहिला फोन चौदात गेला होता. सकाळी नऊला त्यांनी कळवलं की धाकटा भाऊ दोन दिवस जेवला नाही, झोपला नाही आणि आता भिंतीतल्या वायरी उपटतोय. मी आणि आमचा ड्रायव्हर चार वाजता पोचलो. तोवर त्याने घरातल्या वायरी संपवून जिन्यातल्या काढायला घेतल्या होत्या आणि त्यात शॉक लागून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं भाजली होती. ताई त्याचा हात पाण्याच्या बादलीत धरून पायरीवर बसल्या होत्या.

"सकाळीच आला असतात तर?" त्या म्हणाल्या. रागाने नाही, माहिती म्हणून विचारावं तसं.

मला लाज वाटली. लाज वाटली की मला राग येतो, आणि राग आला की मी नको ते बोलून जातो. मी म्हणालो, "ताई, पुढच्या वेळी चाकू आहे म्हणून सांगा."

"पण चाकू नाहीये. एक सुरी आहे, तिनं टोमॅटो कापला जात नाही."

"धार आहे म्हणू नका. आहे एवढंच म्हणा."

अशी सुरुवात झाली.

भावाला सगळी वस्ती वायरमन म्हणते, कारण तो तेच आहे, आणि कामाला चोख आहे. आजूबाजूच्या चार इमारतींची फिटिंग त्याच्या हातची. बरा असला की वायरी घालतो, बरा नसला की काढतो. वायरींतून माणसं त्याच्याबद्दल बोलतात. काय बोलतात, म्हणून मी एकदा विचारलं होतं. "म्हणतात, मी अर्थिंग नीट करत नाही," तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हा धादांत खोटा आरोप होता. आमच्या ठाण्यातले तीन पंखे त्याने दुरुस्त केलेत आणि आजतागायत कोणाला झटका बसलेला नाही.

त्याला धरायचं नाही, ओढायचं नाही, हे मी दुसऱ्या खेपेला शिकलो. मी दारात उभा राहून विचारतो, "वायरमन, मेन कुठंय?" कारागिराला कामाचं विचारलं की तो उत्तर देतो, मग त्याचं डोकं कुठं का फिरत असेना. तो मला मेन स्विचपाशी नेतो आणि स्वतःच्या हाताने खटका पाडतो. पंखा थांबतो, फ्रीजची घरघर थांबते. वायरींतली माणसंही गप्प बसतात. मग आम्ही दहा मिनिटं नुसते बसतो. शेवटी तो खिशातला टेस्टर काढून माझ्या हातात देतो, मूठ माझ्याकडे करून, आणि म्हणतो, "चला मामा."

पोलिसांना सगळेच मामा म्हणतात, बहुतेक जण टोमणा म्हणून. हा खरंच मामाला म्हणावं तसं म्हणतो.

हॉस्पिटलात वीस खाटा आणि एक डॉक्टर. दुसऱ्या डॉक्टरची नुसती पाटी आहे, 'आत' किंवा 'बाहेर' दाखवणाऱ्या सरकत्या पट्टीची. ते चार वर्षं 'बाहेर' आहेत. खाट मिळायची तर पोलिसांच्या फॉर्मवर 'धोका' ह्या शब्दापुढे 'होय' लागतं. मी लिहायचो : 'मिळालेल्या माहितीनुसार धारदार शस्त्र. धोका : होय. प्रत्यक्षात धारदार शस्त्र : आढळले नाही.' साप मरायचा आणि काठीही मोडायची नाही. वायरमन पंधरा दिवस राहायचा, गोळ्यांनी बरा व्हायचा आणि घरी जाऊन वायरी परत घालायचा. मग तीन-चार महिन्यांनी औषधाच्या खिडकीवर 'गोळ्या उपलब्ध नाहीत' ही पाटी लागायची. पाटी लागली की बाराव्या दिवशी ताईंचा फोन. मी पाटी वाचूनच ड्रायव्हरला तारीख सांगत असे आणि तो मला ज्योतिषी म्हणे.

दोन वर्षांत असं सात वेळा झालं. सातही वेळा गाडी आठ मिनिटांत पोचली आणि त्याच्या अंगाला ओरखडा उठला नाही. मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं, हे कबूल करतो.

मग कंट्रोल रूममध्ये नवा कॉम्प्युटर आला. त्याला प्रत्येक पत्त्याची जुनी नोंद आपोआप सापडते आणि तो पत्त्याला रंग देतो. ताईंच्या घराला त्याने लाल रंग दिला. 'शस्त्र, वारंवार.' लाल पत्त्यावर ठाण्याची गाडी जात नाही, खास पथक जातं. चार जण, हेल्मेट, ढाल आणि पिस्तुलं. त्यांना महिनाभर ट्रेनिंग असतं. त्यात मनाच्या आजारासाठी एक दुपार असते, जेवणानंतरची.

हे मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास मी हॉस्पिटलच्या बाकावर एका आजोबांना घेऊन बसलो होतो. त्यांनी शेजाऱ्याला काठीने मारलं होतं, कारण शेजारी न विचारता कामावरून घरी आला. आजोबांची समजूत आहे की आपण एका मोठ्या खात्याचे डायरेक्टर आहोत. डॉक्टर बघेपर्यंत पोलिसाने आणलेल्या माणसाला सोडून जायचं नाही असा नियम आहे, आणि तो माणूस पळाला तर नोकरी जाते. आम्ही सकाळी सातपासून बसलो होतो. आजोबांनी तोवर दोन नर्सना रजा दिली होती आणि एकीची नाकारली होती.

गोळ्यांची पाटी लागून बारा दिवस झाले होते. मी ड्रायव्हरला म्हणालोही होतो, आज बहुतेक ताईंकडे जावं लागेल.

खांद्यावरच्या वायरलेसवर ताईंचा पत्ता आला. "शस्त्र. लाल पत्ता. खास पथक रवाना."

मी पत्ता दोनदा ऐकला. मग बटण दाबलं. "कंट्रोल, त्या घरात शस्त्र नाही."

"कोण बोलतंय? नंबर सांगा."

मी नंबर सांगितला. "शस्त्र नाही. सुरी आहे, ती बोथट आहे. माणूस आजारी आहे. पथक थांबवा, मी जातो."

मध्येच पथकाचे साहेब बोलले. आवाज तरुण होता, पण सभ्य होता. "हवालदार, रेकॉर्डला सात वेळा शस्त्र आहे. नोंदी कोणाच्या?"

"माझ्या."

"मग?"

आता ह्यापुढे बोलणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. गावभरची ठाणी त्या वायरलेसवर असतात. आमचे मोठे साहेबही असतात. मी म्हणालो, "चाकू आहे असं सांगायला मीच त्यांना शिकवलं, साहेब. नाहीतर गाडी येत नाही."

वायरलेसवर एरवी कोणीतरी खोकतं तरी. तेव्हा कोणी खोकलं नाही.

"म्हणजे सात वेळा तुम्ही खोटं चालवलंत आणि आता खरं बोलताय?"

"होय."

"कशावरून?"

लांडगा आला रे आला, ही गोष्ट शाळेत सगळेच ऐकतात. पण त्यातला पोरगा शेवटी 'लांडगा नाही हो, मारू नका' असं ओरडत सुटला तर गावाने काय करायचं, ते त्यात सांगितलेलं नाही. साहेब म्हणाले, "आमची माणसं आम्हाला घरी न्यायची आहेत, हवालदार," आणि बंद झाले. त्यांचंही चूक नव्हतं.

मी आजोबांकडे बघितलं. माणसाला सोडून जायचं नाही, असा नियम होता. घेऊन जायचं नाही, असा नव्हता.

"डायरेक्टर साहेब, रजा पाहिजे."

"कारण?"

"घरचं काम आहे."

"मंजूर," आजोबा म्हणाले. "पण मी स्वतः तपासणीला येणार." त्यांनी काठी मागितली, ती मी दिली नाही, आणि आम्ही जीपकडे धावलो. म्हणजे मी धावलो, ते चालत आले, डायरेक्टर धावत नाहीत म्हणाले. ड्रायव्हरने त्यांना उचलून आत ठेवलं.

जीपमध्ये मी ताईंना चार फोन लावले. त्या उचलत नव्हत्या. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती : ह्या माणसाला जर काही झालं, तर ते माझ्या अक्षरात सात वेळा लिहिलेलं आहे.

तिसऱ्या मजल्यावर चौघे दाराशी पोचले होते. ताई खालच्या पायरीवर बसल्या होत्या. पथकाने त्यांना बाजूला काढलं होतं आणि त्यांचा फोन आत राहिला होता. मला बघून त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सांगितलं होतं तेच सांगितलं. वेगळं काही बोलले नाही."

"बरोबर केलंत," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दार उघडं होतं. खिडक्यांवर वायरमनने चादरी ठोकल्या होत्या, त्यामुळे भरदुपारी आत अंधार, आणि त्या अंधारात चार टॉर्च त्याच्या तोंडावर. तो भिंतीला पाठ लावून उभा होता. भिंतीतून वायरी लोंबत होत्या. हातात टेस्टर होता आणि त्याची दांडी टॉर्चमध्ये चमकत होती. एक जण ओरडत होता, "हात वर कर!" दुसरा ओरडत होता, "हलू नकोस!" हे दोन्ही एकदम करणं शहाण्या माणसालाही जमत नाही. दोन पिस्तुलं बाहेर निघाली होती.

"साहेब, तो टेस्टर आहे," मी म्हणालो.

"टेस्टर खुपसता येतो," साहेब म्हणाले.

हेही खरं होतं. तेव्हा वाद न घालता मी त्यांच्यामधून पुढे घुसलो. बायको गेली दहा वर्षं मला पोट कमी करा म्हणून सांगते आहे. ते मी केलेलं नाही आणि त्यामुळे दारात उभा राहिलो तेव्हा माझ्या मागून आतलं कोणाला काही दिसेना. मला भीती वाटत होती. वायरमनची नाही, पाठीमागच्या चौघांची.

"वायरमन, मेन कुठंय?"

तो बोलला नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मी पुन्हा विचारलं. तो माझ्याकडे बघत होता, पण मी त्याला ओळखीचा वाटत नसावा. इतक्या टॉर्च मागे असल्यावर माझा नुसता काळा आकार दिसत असणार. टेस्टरवरची मूठ त्याने आवळली आणि मागे कोणाचे तरी बूट सरकले.

तेवढ्यात माझ्या काखेखालून आजोबांचा आवाज आला. "इथलं वायरिंग कोणी केलंय?"

आवाजच हुकमाचा होता. पथकातला एक जण तर सावधान उभा राहिला.

"मी," वायरमन म्हणाला.

"अर्थिंग?"

"नीट केलंय. शपथेवर सांगतो, साहेब, नीट केलंय. लोक काहीही बोलतात."

"लोकांचं सोडा. मेन दाखवा."

वायरमनने डोळे पुसले आणि तो भिंतीच्या कडेने मेन स्विचपाशी गेला. मी मागे वळून म्हणालो, "साहेब, टॉर्च." साहेबांनी माझ्याकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं. मग हाताने खूण केली आणि टॉर्च एकेक करून जमिनीकडे वळल्या. खटका पडला. फ्रीजची घरघर थांबली. आम्ही सात जण त्या अंधारात दहा मिनिटं उभे राहिलो. मग माझ्या हाताला टेस्टरची मूठ लागली.

"चला मामा," तो म्हणाला. "आज गर्दी फार आणलीत."

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती चारचौघांत फुशारकीने सांगितली असती.

हॉस्पिटलात पथकाच्या साहेबांनी स्वतः फॉर्म भरला, कारण कारवाई त्यांची होती. सरळ माणूस. जे ऐकलं आणि पाहिलं ते लिहिलं : 'शस्त्र : नाही. धोका : नाही. कॉल खोटा होता, संबंधित हवालदाराने कबूल केले आहे.' डॉक्टरांनी फॉर्म वाचला, वायरमनला तपासलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. ते छत्तीस तास ड्यूटीवर होते.

"आजारी आहे," ते म्हणाले. "पण खाट एकच आहे." आणि त्यांच्यासमोर दुसरा फॉर्म होता, माझ्या अक्षरातला, आजोबांचा. त्यावर काठी होती, जखमी शेजारी होता आणि धोक्यापुढे 'होय' होतं.

खाट डायरेक्टरांना मिळाली. त्यांनी आत जाताना वायरमनकडे बोट दाखवून फर्मावलं, "ह्यांनाही घ्या, काम चांगलं आहे." अख्ख्या दिवसात हॉस्पिटलात ऐकलेला हा एकमेव शहाणा हुकूम होता आणि तो कोणी पाळला नाही. वायरमनला इंजेक्शन मिळालं, आठ-दहा दिवस पुरेल असं, आणि गोळ्यांची चिठ्ठी. खिडकीवर पाटी होतीच.

ताईंनी चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये ठेवली. त्या पर्समध्ये तशा चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता.

"भाऊ, पुढच्या वेळी काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"खरं सांगा," मी म्हणालो. तेवीस वर्षांत ह्याहून वाईट सल्ला मी कोणाला दिला नसेल, चाकूचा धरून.

माझी चौकशी तीन दिवसांत संपली. इतक्या लवकर आमच्याकडे सहीसुद्धा होत नाही. मला रस्त्यावरून काढून कंट्रोल रूममध्ये फोनवर बसवलं. कानाला हेडफोन, समोर कॉम्प्युटर, बाजूला ती यादी. मोठे साहेब म्हणाले, "बसा तिथे. लोक कसे खोटं बोलतात ते शिका."

इंजेक्शननंतर नवव्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ताईंचा फोन आला. त्यांनी मला ओळखलं नाही. त्या हेडफोनमधून सगळ्यांचे आवाज सरकारी येतात.

"माझा भाऊ आजारी आहे," त्या म्हणाल्या. "कालपासून जेवला नाही. घरातल्या वायरी काढून झाल्या, आता जिन्यात गेलाय."

विचारणं भाग होतं, सगळं रेकॉर्ड होतं. "शस्त्र?"

"नाही. काहीही नाही. खरं सांगतेय मी."

पडद्यावर त्यांच्या पत्त्याचा रंग लाल राहिला नव्हता. करडा झाला होता. 'खोटे कॉल देणारा पत्ता. सर्वांत शेवटी घ्यावा.' एक दाबलं तर करड्यावरही चार जण पिस्तुलं घेऊन जाणार होते. चौदा दाबलं तर गाडी संध्याकाळी जाणार होती. यादीत अधलामधला नंबर मी तिथे बसल्यापासून शोधत होतो आणि तो नव्हता.

मी चौदा दाबलं. मग म्हणालो, "ताई, खाली मीटरच्या खोलीत जिन्याचा मेन आहे. आधी तो बंद करा."

"भाऊ? तुम्ही तिथे? मग सांगा ना, गाडी कधी येईल?"

"गाडी संध्याकाळी येईल. मी आत्ता निघतो."

कंट्रोल रूममध्ये जागेवरून उठायचं तर वहीत लिहावं लागतं : कारण, जाण्याची वेळ, परतीची वेळ. लघवीला दहा मिनिटं मिळतात. ताईंचं घर सायकलवरून अकरा मिनिटांवर आहे. मी कारणाच्या रकान्यात 'लघवी' लिहिलं आणि वेळ टाकली, अकरा चौदा. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं, "लगेच येताय ना?"

"हो," मी म्हणालो, आणि परतीच्या वेळेचा रकाना कोरा ठेवून सायकलची किल्ली उचलली.